चेहरा काळा का आला?

आमच्या घरात आईचा फोटो आहे. नवा माणूस आला की विचारतो, "गुरुजी, हा फोटो कुणाचा?" मी सांगतो, "आईचा." मग तो जवळ जाऊन पुन्हा बघतो. कारण फोटोत चेहराच दिसत नाही. नुसती काळी सावली दिसते. मागचे अंगण मात्र लख्ख आले आहे.

हा फोटो मी १९८६ साली काढला. कॅमेरा उसना आणला होता. दिवस चैत्राचे. आई उंबऱ्यावर बसली होती. मी घरात उभा होतो. तिच्या मागे अंगणात कडक ऊन होते. कॅमेऱ्यात उजेड मोजायचा काटा होता. काटा बरोबर जागी आला, आणि मी बटण दाबले. रोल धुऊन आला तेव्हा चूक कळली. तोवर कॅमेरा परत गेला होता. त्याच पावसाळ्यात आई गेली. तिचा दुसरा फोटो नाही.

काटा बरोबर होता. मोजायची जागा चुकली. मी अंगणाचा उजेड मोजला आणि फोटो आईचा काढला.

हे असे का होते?

आपला डोळा हुशार आहे. त्याला दारातला माणूसही दिसतो आणि मागचे अंगणही दिसते. कॅमेऱ्याला हे तितके जमत नाही. भर दुपारी उघड्यावरचा उजेड घरातल्या उजेडाच्या शेकडो पट असतो. एवढा फरक एका फोटोत मावत नाही.

नळाखाली घागर ठेवली आहे असे समजा. नळ मोठा सोडला तर घागर लवकर भरते. बारीक सोडला तर वेळ लागतो. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. भिंगाचे भोक म्हणजे नळाचे तोंड. आतली झडप जितका वेळ उघडी, तितका वेळ उजेड आत येतो. १/६० सेकंदाऐवजी १/३० सेकंद झडप उघडी ठेवली, तर दुप्पट उजेड येतो. उजेड कमी पडला तर फोटो काळा होतो. जास्त झाला तर पांढराफटक होतो.

आणखी एक गोष्ट. साधा काटा उजेड मोजतो, पण वस्तू ओळखत नाही. समोरचे सगळे राखी रंगाचे आहे असे तो धरून चालतो. म्हणून पांढरा बैल मळकट येतो आणि काळी म्हैस राखी येते.

मग काय करावे?

१. आधी ठरवा, फोटो कशाचा? माणसाचा असेल तर चेहरा महत्त्वाचा.

२. चेहऱ्यावरचा उजेड मोजा. काट्याचा कॅमेरा असेल तर चेहऱ्याजवळ जा. तिथे माप घ्या. तेच माप कायम ठेवून मागे या. मोबाईल असेल तर पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यावर बोट टेका. चेहरा उजळेल. मागचे अंगण पांढरे होईल. होऊ द्या.

३. जमले तर माणसाची जागा बदला. हा उपाय सगळ्यांत चांगला. त्याला ओसरीच्या सावलीत, उजेडाकडे तोंड करून बसवा. चेहरा तरी काळा वाटला तर समोरून पांढरे धोतर ताणून धरा. धोतरावरचा उजेड चेहऱ्यावर पडतो.

४. मोबाईलवर काढलेला फोटो लगेच बघा. चेहरा नीट नसेल तर पुन्हा काढा.

आता काही मोबाईल आपणहून कमी-जास्त उजेडाचे बरेच फोटो घेतात आणि ते एकात जुळवतात. त्याने पुष्कळ काम भागते. तरी चेहऱ्यावर बोट टेकायची सवय ठेवा.

करून पाहा

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला दारात बसवा. आतून दोन फोटो काढा. पहिल्या वेळी बोट अंगणावर टेका, दुसऱ्या वेळी चेहऱ्यावर. दोन्ही शेजारी ठेवून बघा. चांगला आलेला फोटो कागदावर छापून घ्या. हे काम उद्यावर टाकू नका.

सांगा पाहू

१. गुरुजींच्या आईचा चेहरा काळा का आला?

२. पांढरा बैल फोटोत मळकट का येतो?

३. तुमच्या घरात कुणाचा फोटो काढायचा राहिला आहे? त्यांचे नाव वहीत लिहा.