दोन डिस्क म्हणजे दोन प्रती नव्हेत

मी निपाणीत लग्नांचं शूटिंग करतो. निम्म्या ऑर्डरी कोल्हापूरकडच्या, निम्म्या बेळगावकडच्या. काही वर्षांपूर्वी एका लग्नाचं सगळं काम माझ्याकडून गेलं. चूक माझीच होती.

त्या घरी घाणा भरताना नवरीच्या आजीनं आणि तिच्या जावांनी जात्यावर ओव्या म्हटल्या होत्या. हुक्केरीहून आलेल्या एका मावशींनी मध्येच कानडी पद उचललं, तर बाकीच्यांनी त्यालाही सूर दिला. अक्षता बेळगावात पडल्या. रात्री घरी येऊन मी सगळं दोन डिस्कच्या डब्यात उतरवलं आणि कार्डं पुसली, कारण दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न होतं.

डब्यात चार-चार टीबीच्या दोन डिस्क होत्या आणि संगणकावर आठ टीबी दिसत होते. मला वाटायचं, दोन डिस्क आहेत, म्हणजे एक गेली तरी दुसरीवर माल आहे. पण डबा ‘रेड झिरो’ पद्धतीनं लावलेला होता. त्यात प्रत्येक फाइलचे तुकडे होतात आणि ते एकाआड एक दोन्ही डिस्कवर जातात. म्हणून वेग मिळतो. पण एक डिस्क गेली की दुसरीवर उरतात ते नुसते तुकडे. चार-चारच्या दोन डिस्क घालून चारच टीबी दिसत असतील, तर तो ‘रेड वन’, म्हणजे आरसा. तुमच्या डब्यात आठ दिसत असतील, तर तिथं दुसरी प्रत नाही. आणि आरसाही बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेली फाइल दोन्हीकडून जाते.

एका संध्याकाळी एडिटिंग चालू असताना लाईट गेली. परत आली तेव्हा एका डिस्कमधून टकटक ऐकू येऊ लागली. मी ती दहा-बारा वेळा बंद-चालू केली. तसं कधीच करू नका. टकटक सुरू झाली की वायर काढा आणि डिस्क जाणकाराकडे द्या. घरी उघडली तर धुळीनं उरलंसुरलंही जातं. माझ्या डिस्कमधून काहीच परत आलं नाही.

आता मी वेग आणि साठवण वेगळी ठेवतो. चालू काम एसएसडीवर. फूटेज, कॅशे, प्रोजेक्ट सगळं तिथंच, कारण साध्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला साधारण दीडशे-दोनशे एमबी आणि दोन-तीन कॅमेऱ्यांचं फोर-के एकदम चालवलं की ती धापा टाकते. साठवणीला मात्र हार्ड डिस्कच, कारण जागा प्रचंड लागते. शंभर मेगाबिटचं फूटेज तासाला ४५ जीबी खातं. दोन कॅमेरे सहा तास चालले तर ५४० जीबी. हा हिशेब ऑर्डर घेतानाच करा आणि डिस्कचा खर्च दरात धरा. गिऱ्हाईक समजून घेतं.

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानं रूढ केलेला ३-२-१ चा नियम मी पाळतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. दुसरी जागा म्हणजे शेजारची गल्ली नव्हे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं होतं, हे आपण पाहिलं आहे. माझी तिसरी प्रत बेळगावात बहिणीकडे, वरच्या मजल्यावर असते. मृगाआधी ती आणून तपासतो आणि सिलिका जेलच्या पुड्या बदलून परत ठेवतो.

दोन प्रती होऊन त्यातल्या फाइली स्वतः उघडून पाहीपर्यंत कार्ड पुसायचं नाही. कार्डं जास्तीची घ्या. यूपीएसही घ्या.

नवरीच्या घरी मी स्वतः जाऊन सांगितलं आणि पैसे परत केले. तिच्या वडिलांनी एवढंच विचारलं, ‘‘त्या ओव्या तरी कुठं असतील काय?’’ नव्हत्या.

तुमच्या घरी कार्य असेल, तर फोटोवाल्याला दराआधी विचारा: प्रती किती करतोस आणि कुठं ठेवतोस? आणि अल्बम हातात आला की मूळ फूटेज स्वतःच्या डिस्कवर मागून घ्या.