गाइडमधला शेतकरी

परतूर तालुक्यातल्या कुठल्याही दहावीच्या पोराला झोपेतून उठवून ‘शेतकऱ्याचे मनोगत’ म्हणायला सांगा, तो न अडखळता म्हणून दाखवील. पायाला भेगा, अंगावर फाटकी बंडी, सर्जा-राजाची जोडी, आटलेली विहीर, आभाळाकडे लागलेले डोळे, दारात उभा सावकार आणि शेवटी बांधावरचं झाड. माझ्या मावसभावाच्या गाइडमध्ये हाच शेतकरी होता, माझ्याही होता. आता मोबाईलला निबंध मागितला तरी तोच येतो, फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारून.

मी यंदा अकरावीत आहे. मागून येणाऱ्या नववी-दहावीच्या मुलामुलींसाठी हे लिहितेय, कारण या शेतकऱ्यानं मला बक्षीस मिळवून दिलं आणि घरात काही दिवसांचा अबोलाही.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. आमचं सोयाबीन काढणीला आलेलं होतं. थोडी उघडीप मिळाली असती तर गुत्त्यानं माणसं लावून काढून टाकलं असतं. ती काही मिळाली नाही. पाण्यात उभ्या झाडाच्या शेंगा आधी काळ्या पडतात. मग बोटानं दाबली की शेंग मऊ लागते, आणि फोडली की आतल्या दाण्याला पांढरा कोंब आलेला असतो, भिजवलेल्या मटकीला येतो तसा. सगळ्या रानाला आंबूस वास सुटतो आणि तो कपड्यांत राहतो. कापसाची खालची बोंडं झाडावरच सडली. विहीर काठोकाठ.

त्याच दिवसांत निबंध स्पर्धा होती. पत्र्यावर पावसाचा आवाज एवढा की सरांना सूचना ओरडून द्याव्या लागल्या. आणि मी निबंधाची सुरुवात केली ती भेगाळलेल्या भुईपासून. पहिला नंबर आला.

स्नेहसंमेलनात तो निबंध वाचून दाखवायला लावला. पप्पा आले होते. परत येताना मोटारसायकलवर ते काही बोलले नाहीत. रात्री ताटावर बसल्यावर म्हणाले, “बैल कोणाचे गं ते? आपले तं कव्हाच इकले.”

मी म्हटलं, निबंधात असतात.

“अन् हिरीला पाणी नाही म्हन्तीस. हीर तं भरून वाहू लाली व्हती.” मग थोडं थांबून, “अन् शेवटाला त्याला मारलंस कामून?”

गाइडमध्ये तो मरतो म्हणून माझ्याही निबंधात मेला. दुसरं कारण नव्हतं. मराठवाड्यात शेतकरी आत्महत्या होतात, हे खोटं नाही. म्हणूनच निबंधाचा शेवट जमेना की तिथं एक आत्महत्या आणून ठेवायची, हे बरं नव्हे. आमच्या वर्गात अशा घरची एक मुलगी आहे. ती त्या दिवशी पुढच्या रांगेत होती. टाळ्या वाजत होत्या तेव्हा तिच्याकडे बघायचं मला सुचलंही नव्हतं.

‘पाठ करू नका, स्वतःच्या शब्दांत लिहा’ हे सगळेच सांगतात, आणि सांगणाराही पाठ केल्यासारखंच सांगतो. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. पाठ केलेली वर्णनं वहीत गुमान बसत नाहीत. काही दिवसांनी ती आपल्या वतीनं बघायला लागतात. कोंब आलेली शेंग मी हातात धरली होती, तरी लिहिताना ती आठवली नाही, कारण गाइडमधल्या शेतकऱ्याला पाऊस जास्त होतच नाही. त्याला पंचनाम्याची वाट बघावी लागत नाही. ई-पीक पाहणीचा फोटो अपलोड होत नाही म्हणून तो धुऱ्यावर मोबाईल उंच धरून उभा राहत नाही. फार्मर आयडी, ई-केवायसी, ट्रॅक्टरवाल्याची उधारी, मोसंबीची गळ, यातलं त्याच्याकडे काहीच नाही.

आणि त्याच्या घरात बाई नाही. असली तरी ती भाकर घेऊन येते आणि डोळ्यांना पदर लावते. आमच्या घरी कापूस आई वेचते, सुट्टीच्या दिवशी मीही. कमरेला ओटी बांधायची, दोन्ही हातांनी वेचायचं. उकललेल्या बोंडाची टोकं वाळली की सुईसारखी होतात आणि नेमकी नखाच्या कडेला रुततात. दिवाळीनंतर आईची बोटं अशी होतात की कणीक मळताना मीठ झोंबतं. सकाळी दंव पडलेला कापूस वजनाला जास्त भरतो. वेचणी किलोवर असते, म्हणून मजूर बायांना लवकर सुरुवात हवी असते आणि मालकाला ऊन चढल्यावर. या एवढ्या गोष्टीवरून धुऱ्यावर जी भांडणं होतात त्यावर नाटक होईल. आई दुसऱ्याच्या रानात मजूर असते आणि आपल्या रानात मालकीण, त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी भांडते. हे मी दहा वर्षं ऐकत होते आणि लिहायला बसल्यावर मला सर्जा-राजा आठवले.

आता परीक्षेचं. दहावीचा मराठीचा पेपर 80 गुणांचा, त्यात निबंध 8 गुणांचा, आणि प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक यातला एक निवडायचा. या 8 गुणांसाठी सांगाडा पाठ असायला माझी हरकत नाही. वेळ कमी असतो, हात दुखत असतो. पण शक्यतो प्रसंगलेखन निवडा, कारण तिथं आपलं काही घालायला जागा सापडते. आणि ‘काळी आई’, ‘बळीराजा’, ‘जगाचा पोशिंदा’ हे शब्द टाळून एक परिच्छेद लिहून बघा. मला पहिल्यांदा तीन ओळींच्या पुढं जाता आलं नाही. त्यावरून कळतं की आपल्याकडे स्वतःचं किती आहे.

त्यासाठी एक वेगळी वही ठेवा. तिच्यात निबंध लिहायचे नाहीत. कोण काय बोललं ते जसंच्या तसं, कशाचा भाव काय होता, एसटीत कोणत्या सीटवर कोण का बसत नाही, असलं काहीही. शाळेत नेणाऱ्या मानव विकासच्या गाडीत आम्ही मुली रोज जे बोलतो ते लिहिलं तरी वही भरेल. विशेषणं मात्र घालू नका, ती मागाहून येतात. माझ्यासारखं दोन खोल्यांचं घर असेल तर वही कुठं ठेवायची हा प्रश्न येतो. पोरगी एवढं काय लिहीत बसते, याची चौकशी आधी चुलत भाऊ करतो, मग आत्या. माझ्या वहीवर ‘इतिहास व राज्यशास्त्र’ असं लिहिलेलं आहे. त्या विषयाच्या वहीला आमच्या घरात आजवर कोणी हात लावलेला नाही.

वाचायचं काय, हे मला उशिरा कळलं, आणि तेही मराठीच्या बाईंमुळे. मी त्यांना म्हटलं की आमच्याकडच्या माणसांवर कोणी लिहीत नाही म्हणून गाइड वाचावं लागतं. त्या म्हणाल्या, सातोन्याला कधी गेलीस का? परतूरहून सेलूकडे रेल्वेनं जाताना सातोना लागतं. तिथं 1913 साली बी. रघुनाथ जन्मले, भगवान रघुनाथ कुलकर्णी. तेव्हा इकडे निजामाचं राज्य, कारभार उर्दूत. ते हैदराबादला मॅट्रिक झाले, पुढचं शिक्षण परिस्थितीनं राहिलं, आणि परभणीला बांधकाम खात्यात कारकुनी करत त्यांनी कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या. 7 सप्टेंबर 1953 ला कचेरीत काम करतानाच ते गेले. जेमतेम चाळीस वर्षांचं आयुष्य. परतूर तालुका 1981 मध्ये जालना जिल्हा होईपर्यंत परभणीतच होता, म्हणून पुस्तकांत त्यांना परभणीचे म्हणतात. आमच्या गाडीत रोज सातोन्याचं नाव निघतं आणि मला हे सोळाव्या वर्षी समजतं, याचा मला रागच आला.

खरं सांगते, त्यांच्या कविता मला पहिल्या वाचनात कळल्या नाहीत. शब्द जड आहेत, काही उर्दू वळणाचे. कथा कळल्या. कळत नसेल ते बाजूला ठेवायला लाजू नका, आणि फेकूनही देऊ नका. मग बाईंनी रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ दिली. 1971 ची कादंबरी. तिच्यात शिंप्याच्या घरची बाई आपल्या बोलीत आपल्या घराची परवड सांगते. आमच्या वहीत ज्या शब्दांखाली लाल रेघ येते, तसल्या शब्दांचं हे अख्खं पुस्तक! ते वाचताना मी सारखी मागं वळून बघत होते, कोणी तपासायला येतंय का म्हणून. सेलू तालुक्यातल्या आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातली गावं आमच्यासारखी आहेत. तिथली माणसं निवडणूक, पाणी, जात, उधारी यांत गुंतलेली असतात, आभाळाकडे बघत बसलेली नसतात.

पुस्तकं मिळत नाहीत ही तक्रार खरी आहे. बऱ्याच शाळांतलं कपाट कुलपात असतं आणि किल्ली ज्याच्याकडे तो नेमका रजेवर. तरी मागत राहा, मागणारं कोणी असलं की किल्ली सापडते. ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. रीलमधून थोडा नेट वाचवला तर एक अंक सहज उघडतो.

शेवटचं आणि सगळ्यात अवघड, घरच्यांवर लिहिणं. संमेलनानंतर मी इरेला पेटून सगळं खरं लिहायला घेतलं. आमचं कर्ज, चुलत्याशी असलेला बांधाचा वाद, ताईच्या स्थळाची बोलणी. बाईंनी वही मिटून परत दिली आणि विचारलं, हे घरी वाचून दाखवलंस का? तेव्हापासून मी एक शिस्त पाळते. ज्याच्यावर लिहिलं त्याला ते आधी, बाईंच्या आधी, मोठ्यानं वाचून दाखवायचं. तो नको म्हणेल ते काढायचं. परतूर एवढंसं, तालुक्याच्या बाजारात आज बोललेलं उद्या घरी पोहोचतं. कर्जाचा आकडा छापल्यानं आपलं लेखन मोठं होत नाही, पण ताईचं जमलेलं मोडू शकतं.

ॲन फ्रँकच्या डायरीबद्दल आपण ऐकून असतो. युद्धानंतर लोकांच्या डायऱ्या गोळा करणार असं 1944 च्या मार्चमध्ये तिनं रेडिओवर ऐकलं, आणि लपलेल्या जागीच ती पुन्हा लिहायला बसली. तेव्हा तिनं सोबत लपलेल्या माणसांसाठी दुसरी नावं ठरवली. जेमतेम पंधरा वर्षांची पोर, जीव मुठीत धरून बसलेली, आणि तरी तिला हे सुचलं. कोणाचं नाव बदलल्यानं लिहिलेलं खोटं ठरत नाही, हे मी तिच्याकडून घेतलं.

आमच्या घरी या वाचून दाखवण्यातून एक नवाच घोळ झाला. पप्पांना त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहिलेलं चालतं. वाचून दाखवलं की ते हसतात, एखादा शब्द सुधारूनही देतात. आईला मात्र चालत नाही. बोराड्यांचं पुस्तक पुढं केलं तरी ती ऐकेना. ती म्हणाली, “मला अडाण्यासारखं बोलताना लिहायचं नाही.” मी म्हटलं, अगं पण तू तसंच बोलतेस. “घरात बोलते. पुस्तकात मी नीट बोलणार.” तेव्हा या लेखात पप्पा बोलीत बोलतात आणि आई प्रमाण मराठीत. बाई म्हणतात, हे वाचणाऱ्याला विसंगत वाटेल. वाटेल खरं.