बुजवलेल्या विहिरी पुन्हा उकरू या



उत्पत्तीच्या पुस्तकातील २६ व्या अध्यायात इसहाकाची गोष्ट आहे. त्याचा पिता अब्राहाम याच्या काळात खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी माती टाकून बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या. आमच्या वसईतील बावखले मात्र कोणा शत्रूने बुजवली नाहीत. जागेला भाव आला, तशी पुष्कळशी आम्हीच बुजवली.

पृथ्वीवरील ९७ टक्क्यांहून अधिक पाणी खारे आहे. गोडे पाणी जेमतेम अडीच टक्के, त्यातलेही सुमारे दोन तृतीयांश बर्फाच्या रूपात गोठलेले. उरलेले बहुतेक जमिनीच्या पोटात आहे. म्हणून विहिरीचे मोल मोठे.

समुद्रकाठच्या गावांत तर हे गणित फार नाजूक असते. गोडे पाणी हलके, त्यामुळे ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगते. पावसाचे पाणी मुरत राहिले तर गोड्या पाण्याचा थर टिकतो. उपसा जास्त आणि मुरणे कमी झाले की खालचे खारे पाणी वर चढते. एकदा खारी झालेली विहीर गोडी व्हायला वर्षानुवर्षे लागतात.

आमच्या पूर्वजांनी पुस्तके वाचली नव्हती, पण हे त्यांना कळले होते. वाडीवाडीत त्यांनी बावखल खणले. पावसाळ्यात ते भरे, पाणी जमिनीत मुरे, शेजारच्या विहिरी जिवंत राहत आणि रहाटावर केळी व पानवेली पोसल्या जात. पुढे बोअरवेल आल्या, टँकर आले आणि उपसा वाढला. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो व हरित वसई संरक्षण समितीने हिरवी वसई वाचवण्यासाठी लढा दिला. तो वारसा आता आमच्या हाती आहे.

२०१० साली संयुक्त राष्ट्रसंघाने स्वच्छ पाणी हा मानवी हक्क मानला. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनीही ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात तेच आग्रहाने मांडले. म्हणजेच पाणी वाया घालवणे ही केवळ निष्काळजी नाही. तो तहानलेल्या शेजाऱ्यावरील अन्याय आहे. स्नानसंस्कारात ज्या पाण्याने आम्हांला नवजीवन मिळाले, त्याचा अवमान आम्ही कसा करावा?

काय करता येईल?

१. १०० चौरस मीटरच्या छपरावर २००० मिलिमीटर पाऊस पडला, तर २ लाख लिटर पाणी मिळते. आमच्याकडे एवढा पाऊस बहुधा पडतोच. ते पाणी गटारात न सोडता विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडू या.

२. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला सुमारे २० लिटर पाणी घालवतो. तो आजच दुरुस्त करू या.

३. वाडीतील उरलेल्या बावखलात कचरा टाकू नये. पावसाळ्यापूर्वी सर्वांनी मिळून त्याचा गाळ काढावा.

याकोबाच्या विहिरीवर थकलेल्या प्रभू येशूने शोमरोनी स्त्रीकडे प्यायला पाणी मागितले. उद्या तो आमच्या दारी आला, तर त्याला आमच्या विहिरीचे गोडे पाणी देता येईल काय? या आठवड्यात घरच्या प्रार्थनेच्या वेळी मुलाबाळांसह या प्रश्नावर बोलू या.