पुराने दिलेली वाळू

प्रश्न : सीनेच्या पुरात काळी माती गेली, वाळू-गोटे उरले. रानाचं वाळवंट झालं का? (एक शेतकरी, परांडा)

उत्तर : पोत वाळवंटी, हवामान नाही.

सप्टेंबर २०२५च्या पुराने परांडा-भूम भागातली कितीतरी रानं अशीच खरडली. पाण्याचा वेग ओसरू लागला की आधी गोटे बसतात, मग वाळू; चिकणमाती पुढे वाहून जाते. २ मिलिमीटरहून जाड खडे ना ओलावा धरतात, ना खत. वाळवंटातल्या नदीगाळाची हीच गत. शिवाय तिथे पावसाअभावी चुनखडी धुऊन न जाता मातीतच साठते.

गोटे वेचून, माती तपासून तलावातला गाळ पसरावा. नंतर ताग किंवा धैंचा फुलोऱ्यात गाडावा. पहिल्याच हंगामात सोयाबीनचा हट्ट नको. पाणी ठिबकने, थोडं पण वारंवार द्यावं.