घरचा कॉम्प्युटर लवकर सुरू व्हावा म्हणून : आधी बघ, मग काढ, शेवटी विकत घे

बाबू, कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागून राहिला म्हणून लगेच नवा आणायला चंद्रपूरला निघू नकोस. भामरागड, एटापल्लीकडच्या माणसाचा अख्खा दिवस त्या फेरीत जातो. फुकटाचं काम आधी आणि पैशाचं शेवटी, हा क्रम सोडू नको.

आधी वेळ मोज, पण दोन तुकड्यांत. बटण दाबल्यापासून विंडोजचं चिन्ह दिसेपर्यंत एक आणि तिथून माउस नीट ऐकायला लागेपर्यंत दुसरा. पहिला तुकडा लांबला तर दोष विंडोजच्या आधीचा असतो. पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क लागलेली राहिली की यंत्र आधी तिथे चाचपडत बसतं. ती काढून पुन्हा बघ.

तारीख दर वेळी मागे जात असेल, सुरू होताना ‘एफ वन दाबा’ असं येत असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला. सीआर २०३२ हा त्याचा नंबर, ३ व्होल्टचा. आपल्याकडे लाइट जाते, शिवाय भिंतीवरच्या बोर्डाचं बटण आपण रात्री बंद करतो; तेवढा वेळ घड्याळ या सेलवरच चालतं, म्हणून तो लवकर झिजतो. मेकॅनिक नंतर बोलव, सेल आधी बदल.

दुसरा तुकडा लांबत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘स्टार्टअप’ची यादी आहे. गाणी, गप्पा, खेळ, प्रिंटरचे मदतनीस, सगळे न बोलावता पंगतीला बसलेले दिसतील. ज्याच्यापुढे ‘हाय’ लिहिलंय त्याच्यावर उजवी क्लिक करून ‘डिसेबल’ कर. प्रोग्राम पुसला जात नाही, फक्त आपण उघडल्याशिवाय येत नाही. अँटिव्हायरस, आवाजाचा आणि टचपॅडचा ड्रायव्हर यांना हात लावू नको. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर रोज लागत असेल तर तेही राहू दे. एका दिवशी दोन-तीनच बंद कर, म्हणजे काही अडलं तर कशामुळे ते कळतं.

अँटिव्हायरस एकच ठेव. दोन ठेवले तर प्रत्येक फाइल दोघंही तपासतात. आणि ‘पीसी फास्ट करा’ म्हणणारं फुकटचं सॉफ्टवेअर घरात घेऊ नको. तेच स्टार्टअपच्या यादीत जाऊन बसतं.

सी ड्राइव्हचा पाचवा-सहावा हिस्सा मोकळा ठेव. ‘डाउनलोड्स’मध्ये एकच फॉर्म पाच वेळा उतरवलेला असतो, तिथून सुरुवात कर.

विंडोज ८ पासून एक गंमत आहे. ‘शट डाउन’ केलं की फास्ट स्टार्टअपमुळे विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलला जातो. त्यामुळे बारीकसारीक अडकलेलं तसंच पुढे येतं. आठवड्यातून एकदा ‘रीस्टार्ट’ कर, तेव्हा सगळं नव्यानं उभं राहतं. लाइट गेल्यावर यंत्र धाडकन बंद पडलं तर पुढच्या वेळी ते डिस्क तपासत बसू शकतं. म्हणून डेस्कटॉपला छोटा यूपीएस लाव. तो काम करायला नाही, पाच मिनिटांत नीट बंद करायला.

आता धूळ. घुग्घुस, दुर्गापूरकडे कोळशाची काळी, सुरजागड-आलापल्लीच्या रस्त्याला लोहखनिजाची तांबडी. ती पंख्यात आणि जाळीत बसते. त्यात मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५च्या वर. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि आपण म्हणतो, यंत्र म्हातारं झालं. उन्हाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर वायर काढून, मऊ ब्रशनं साफ कर. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेव, गरगर फिरू देऊ नको. ओलं फडकं नको.

एवढं करूनही रखडत असेल तर टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ बघ. सुरू झाल्यावर कितीतरी वेळ डिस्क १०० टक्क्यांवर अडली असेल, तर ती बहुधा फिरत्या तबकडीची जुनी हार्डडिस्क आहे. तिच्या जागी एसएसडी बसव. तबकडीला एक तुकडा शोधायला साधारण १० मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याचा शंभरावा भाग. सुरू होताना असे हजारो बारके तुकडे वाचायचे असतात, म्हणून फरक इथेच सगळ्यात जास्त दिसतो. जुन्या लॅपटॉपला अडीच इंची साटा एसएसडी बहुतेक वेळा बसते. रॅम ४ जीबी असेल तर ती ८ कर, पण डिस्कनंतर. एसएसडीला डीफ्रॅग लागत नाही.

एक मात्र बघून घे : विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. यंत्र विंडोज ११ घेत नसेल तर खर्च बेतानं कर, किंवा त्यावर हलकं लिनक्स टाक.

डिस्क बदलण्याआधी सातबारा, जात प्रमाणपत्र, वनहक्काचा पट्टा, पोरांच्या गुणपत्रिका यांचे स्कॅन दुसरीकडे उतरवून घे आणि उघडून बघ. जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नको. महिनाभर घरी ठेव. काही राहिलं नाही याची खात्री झाली की मगच पुसून दुसऱ्या कामाला लाव.