मच्छीमार वस्तीचा अभ्यास कसा करतात

देवासकरांस क्षेत्राभ्यास ही गोष्ट अगदीच परकी नाही. एड्रियन मेयर हे ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ १९५४ ते १९५६ या काळात देवासजवळच्या एका खेड्याचा अभ्यास करीत होते. जाती व नातेसंबंध यांवरील त्यांचा ग्रंथ १९६० साली निघाला. त्यात गावाचे नाव ‘रामखेडी’ असे दिले आहे. गावकऱ्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून योजलेले ते टोपणनाव होय. शेतकऱ्यांच्या खेड्यात निदान जमीन दिसते, बांध मोजता येतो. मच्छीमारांचे शेत मात्र पाण्याखाली. तेथे अभ्यासकाची खरी परीक्षा असते.

मुंबईच्या सोनकोळ्यांचे उदाहरण घेऊ. त्यांच्यावरील विजया पुणेकर यांचा इंग्रजी ग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध झाला. किनाऱ्यावर फिरायला आलेल्या माणसाला समुद्र सर्वांचा वाटतो. परंतु डोल नावाचे जाळे समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना बांधतात, आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी त्याच्या तोंडात शिरते. कोणता खुंट कोणाचा, हे कोळीवाड्यात ठाऊक असते. म्हणजे पाण्यावरही वहिवाट आहे. फक्त तिचा सातबारा नाही.

वेळेचेही तसेच. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, ओढ जोराची असते, डोलीला मासळी लागते. अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी मंदावते आणि माणसे जाळी सांधत बसतात. प्रश्नावली घेऊन ऐन उधाणाला गेलेल्या विद्यार्थ्याशी बोलायला कोणाला सवड असणार? त्याने आधी पंचांग पाहावे हे बरे.

आणि विचारावयाचे कोणाला? समुद्रावर पुरुष जातात, पण बाजारात भाव करते ती कोळीण. नुसत्या नाखव्याला उत्पन्न विचारून वहीत आकडा लिहिणे म्हणजे अर्धीच हकीकत लिहिणे होय.

ब्रोनिस्लाव मालिनोव्हस्की हे पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधील ट्रोब्रिअँड बेटांवर राहिले. आतल्या शांत पाण्यात मासेमारी निर्धोक व मासळी हमखास. तेथे लोक मंत्रतंत्राच्या वाटेस जात नसत. खुल्या समुद्रात जिवाला धोका, तेथे मात्र विधी भरपूर. दोन्हीकडची मासेमारी जवळून पाहिल्यामुळेच हा फरक त्यांच्या ध्यानी आला. एवढ्यावरून आपली नारळी पौर्णिमा ही केवळ भीतीतून आली असे ठरविणे घाईचे होईल; ती नव्या हंगामाची आणि घरच्या आनंदाचीही पौर्णिमा आहे.

आता धारकडे वळू. या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून नर्मदा वाहते, आणि तिच्या काठी कहार, केवट यांसारख्या समाजांतील कुटुंबे मासेमारी करीत आली. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. निसरपूर, चिखल्दा या गावांत पाणी शिरले. शेती-घरे गेली, त्याची चर्चा पुष्कळ झाली. नदी गेली, तिची मात्र फारशी झाली नाही. वाहत्या, खडकाळ पाण्यात वाढणाऱ्या महाशीर माशाला साठलेले पाणी मानवत नाही. कोणत्या डोहात कोणत्या महिन्यात जाळे टाकावे, हे ज्यांना बापाकडून कळले होते त्यांचे ते डोहच आता बुडाले आहेत. डोहांची नावे सरकारी नकाशात शोधून उपयोग नाही. ती वृद्धांच्या तोंडीच मिळायची.

म्हणून आपल्या कुटुंबांतील कोणी महाविद्यालयीन मुलगा वा मुलगी हे काम हाती घेणार असेल, तर त्यांनी प्रश्नावली घरी ठेवून उन्हाळ्यात जावे. तेव्हा जलाशयाची पातळी उतरते, बुडालेल्या काठाचा काही भाग उघडा पडतो आणि म्हाताऱ्या मच्छीमाराला हात करून जागा दाखविता येते. एका नावेत एक वृद्ध आणि नाव वल्हविणारा त्याचा नातू असावा. आजोबा नाव सांगतील ते नातवालाही ठाऊक आहे की नाही, याची नोंद शेजारच्या रकान्यात करावी. संध्याकाळी वही त्यांना वाचून दाखवावी, आणि ते जे खोडावयास सांगतील ते खोडावे.