माती, चाक आणि आवा

प्रास्ताविक

हावडा हे नाव रेल्वेने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला परिचित आहे. १५ ऑगस्ट १८५४ रोजी पूर्व भारतातील पहिली प्रवासी गाडी हावड्याहून हुगळीकडे निघाली. आज या स्थानकातून बाहेर पडले की समोर हुगळी नदी दिसते. तिच्यावर १९४३ साली वाहतुकीस खुला झालेला पूल आहे आणि पलीकडे कोलकाता शहर. नदीकाठच्या चहाच्या टपरीवर प्रवाशाच्या हाती मातीचा एक लहानसा पेला येतो. बंगालीत त्याला ‘भाँड’ म्हणतात, हिंदीत ‘कुल्हड’. चहा संपतो आणि पेला टोपलीत फेकला जातो. काही क्षणांच्या या उपयोगामागे कुंभाराच्या कुटुंबाचे अनेक दिवसांचे श्रम असतात. ते श्रम कसे असतात, ऋतूंशी आणि समाजाशी त्यांचे नाते कसे जुळलेले असते, हे या पाठात पाहावयाचे आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण
• कच्च्या मातीचे भाजलेल्या भांड्यात रूपांतर कसे होते ते सांगू शकाल;
• कुंभाराच्या कामाचा ऋतूंशी असलेला संबंध स्पष्ट करू शकाल;
• या व्यवसायापुढील अडचणींचा विचार करून स्वतःचे मत मांडू शकाल.

१. नदीने दिलेली माती

हुगळी ही गंगेची एक शाखा. ती हिमालयापासून वाहत आलेला गाळ आपल्या काठांवर पसरत समुद्राकडे जाते. हावडा जिल्ह्यातील उलुबेडिया हे गाव याच नदीच्या काठी, कोलकात्याच्या खालच्या अंगाला आहे. तेथील माती नावांमध्ये भरून प्रवाहाच्या वरच्या दिशेला, कोलकात्यातील कुमारटुली या कुंभारवस्तीकडे नेली जाते. हुगळीच्या या भागात समुद्राची भरती पोहोचते. त्यामुळे ओझ्याने भरलेल्या नावांना वर जाताना भरतीच्या पाण्याचा आधार मिळतो.

बंगालचे कारागीर मातीचे मुख्यतः दोन प्रकार मानतात. ‘एँटेल’ माती चिकट असते. ती घट्ट धरून ठेवते, पण वाळताना अधिक आकसते. ‘बेले’ माती वाळूमिश्रित असते. ती कमी आकसते, पण एकटी फार काळ टिकून राहत नाही. कोणत्या वस्तूसाठी कोणती माती किती घ्यावी, हे कुंभार बोटांच्या स्पर्शाने ठरवतो. या ज्ञानाची परीक्षा कोणत्याही शाळेत होत नाही. ती होते आव्यात. मिश्रण चुकले तर भांडे तडकते आणि चूक लपत नाही.

२. घर हीच कार्यशाळा

कुंभाराचे घर आणि कार्यशाळा वेगळी नसतात. अंगणात मातीचा ढीग, ओसरीवर चाक, पडवीत वाळत घातलेली भांडी आणि परसात आवा अशी त्याची मांडणी असते. माती फोडणे, भिजवणे, खडे काढणे, पायांनी तुडवणे आणि हातांनी मळणे ही कामे घरातील सर्वजण वाटून घेतात. चाकावर बहुधा पुरुष बसत आले. परंतु माती तयार करणे, भांडी वाळवणे, त्यांवर रंगाचा हात फिरवणे आणि आवा रचणे यांत स्त्रियांचा वाटा मोठा असतो. तरीही ‘कुंभार’ म्हटले की चाकावरचा पुरुषच डोळ्यांसमोर येतो. कुमारटुलीत चायना पाल यांच्यासारख्या स्त्रियांनी वडिलांची कार्यशाळा स्वतः चालवून या समजुतीला उत्तर दिले आहे.

३. कुंभाराचे वर्ष

शेतकऱ्याप्रमाणेच कुंभाराचेही वर्ष आकाशाकडे पाहत जाते. बंगालमधील अनेक कुंभार घराण्यांत बैशाख महिन्यात चाक फिरवत नाहीत. एप्रिलच्या मध्यापासून सुरू होणारा हा महिना चाकाच्या विश्रांतीचा आणि शिवपूजनाचा मानला जातो. याच दिवसांत दुपारनंतर अचानक ‘कालबैशाखी’ची वादळे उठतात आणि उघड्यावर वाळत ठेवलेली कच्ची भांडी क्षणात चिखल होऊ शकतात. रूढीने सांगितलेली विश्रांती आणि निसर्गाने दिलेला इशारा येथे एकत्र येतात.

पावसाळ्यात चाक फिरते, पण हवा दमट असल्यामुळे भांडी लवकर वाळत नाहीत. जळण ओले होते. उघडा आवा लावणे जोखमीचे ठरते. या काळात मूर्तिकारांची मात्र लगबग सुरू असते. रथयात्रेच्या दिवशी दुर्गामूर्तीच्या लाकडी-बांबूच्या सांगाड्याची पूजा करून कामाला आरंभ करण्याची प्रथा आहे. सांगाड्यावर गवताचा पेंढा बांधतात, त्यावर मातीचे थर चढवतात आणि महालयाच्या दिवशी देवीचे डोळे रेखण्याचा मान पाळला जातो.

शरद ऋतू आला की आकाश मोकळे होते आणि आवे पुन्हा धुरू लागतात. कोजागरी पौर्णिमेला महाराष्ट्रात दूध आटवले जाते. त्याच रात्री बंगालमध्ये घरोघरी लक्ष्मीची पूजा होते. या पूजेसाठी काही घरांत भाजलेल्या मातीच्या गोल झाकणीवर लक्ष्मीचे चित्र रंगवलेली ‘सरा’ वापरतात. कार्तिकातील कालीपूजेला पणत्यांची मागणी वाढते.

हिवाळा हा कुंभाराचा खरा हंगाम. खजुरीच्या झाडांना रात्री मडकी टांगून गोड रस गोळा करतात आणि तो आटवून नवा गूळ करतात. पौष संक्रांतीला तांदळाच्या पिठाचे ‘पिठे’ केले जातात. त्यांतील काही प्रकार खळगे असलेल्या मातीच्या साच्यात, झाकण ठेवून मंद आचेवर भाजतात. हा साचाही कुंभारच घडवतो. त्याच दिवशी महाराष्ट्रातील स्त्रिया मातीच्या सुगडांत बोरे, उसाचे कर्वे, हरभरे आणि गाजराचे तुकडे भरून वाण देतात. दोन प्रांतांच्या भाषा वेगळ्या आहेत. पण संक्रांतीला दोन्हीकडे कुंभाराचे दार ठोठवावे लागते.

४. आवा : परीक्षेची रात्र

वाळलेले भांडे दिसायला पक्के वाटते, पण पाण्यात टाकले तर त्याची पुन्हा माती होते. ते टिकाऊ करण्यासाठी भाजावे लागते. तळाशी जळण, त्यावर भांड्यांचे थर आणि फटींत पुन्हा जळण अशी रचना करून वरून पेंढा व मातीचा लेप देतात. यालाच आवा लावणे म्हणतात.

आरंभी आच अगदी मंद ठेवतात. मातीत उरलेले पाणी हळूहळू निघून गेले पाहिजे. घाई केली तर आतच वाफ होऊन भांडे फुटते. पुढे सुमारे ४५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मातीच्या घटकांशी रासायनिक रीतीने बांधलेले पाणीही निघून जाते. हा बदल घडल्यावर ती वस्तू पाण्याने पुन्हा मऊ होत नाही. साधी मातीची भांडी बहुधा ७०० ते ९०० अंशांच्या आसपास भाजली जातात. आव्यात भरपूर हवा खेळली तर मातीतील लोहामुळे भांडे तांबडे होते. हवा कोंडून धूर आत राहू दिला तर ते काळे होते. एकाच मातीपासून तांबडी घागर आणि काळी हंडी तयार होण्याचे हे रहस्य आहे.

कुंभाराजवळ तापमापक नसतो. तो आगीचा रंग, धुराचा दाट-विरळपणा आणि वास यांवरून निर्णय घेतो. आवा पेटल्यावर कुटुंबातील कोणी ना कोणी जागे असते. आग विझल्यावरही आवा लगेच उघडत नाहीत, कारण अचानक लागलेल्या गार वाऱ्याने तापलेली भांडी तडकतात. अवकाळी पाऊस आला किंवा आच एका बाजूला गेली, तर अनेक दिवसांची मेहनत एका रात्रीत वाया जाते. गिऱ्हाईक केवळ चांगल्या भांड्याची किंमत मोजते. फुटलेल्या भांड्यांचा भार कुंभार एकटाच उचलतो.

५. समाज आणि कुंभार

बंगालच्या सामाजिक जीवनात मातीच्या दोन रूपांना स्थान आहे. दुर्गेची मूर्ती भाजत नाहीत. ती केवळ वाळवतात, कारण उत्सवानंतर तिने पाण्यात विरघळावे अशी अपेक्षा असते. भांडी मात्र टिकण्यासाठी भाजतात. गोड दह्याचे मडके हे याचे उत्तम उदाहरण. भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून दह्यातील थोडे पाणी शोषले जाते व बाहेर त्याची वाफ होते. त्यामुळे दही घट्ट आणि गार राहते.

डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. या गौरवात माती आणणारा नावाडी, पेंढा बांधणारा मजूर आणि मूर्तिकार या सर्वांचा वाटा आहे. उत्सव मोठा झाला की काम वाढते. २०२०च्या महामारीत उत्सवांवर मर्यादा आल्या, तेव्हा याच घरांत सर्वप्रथम टंचाई जाणवली.

६. भाँडचा हिशेब

२००४ साली तत्कालीन रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी स्थानकांवर कुल्हडातून चहा देण्याचा निर्णय घेतला. तो सर्वत्र टिकला नाही. २०२० मध्ये तत्कालीन रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांनी पुन्हा तशीच घोषणा केली. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या पेल्यांसह एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर देशात बंदी आली. अशा निर्णयांनी कुंभारांच्या आशा पल्लवित होतात.

तथापि प्रश्न इतका सरळ नाही. भाजलेला पेला पाण्यात विरघळत नाही. त्याचे तुकडे दीर्घकाळ टिकतात. तो भाजण्यास जळण लागते व धूर होतो. नदीकाठची मातीही अमर्याद नाही. तीच माती वीटभट्ट्यांनाही हवी असते. दुसरीकडे, हा तुकडा प्लास्टिकप्रमाणे विषारी नसतो आणि त्याचा पैसा गावातल्या घरात जातो. कागदी पेला हलका असतो, फुटत नाही आणि एकावर एक रचून सहज नेता येतो. म्हणून टपरीवाला त्याकडे वळतो. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने विजेवर चालणारी चाके वाटली, त्यामुळे हातांचे श्रम कमी झाले. परंतु चाक वेगाने फिरले तरी जळणाचा खर्च, पावसाची भीती आणि हमखास गिऱ्हाईक हे प्रश्न उरतातच. एकट्या कुटुंबाला न परवडणारी, कमी जळणात चालणारी पक्की भट्टी अनेक कुटुंबांनी मिळून उभारली, तर त्यांतील काही प्रश्न सुटू शकतात.

कुंभाराची मुले आज शाळेत जातात. त्यांनी हाच व्यवसाय करावा की दुसरा, हे त्यांनीच ठरवायचे आहे. मात्र एखादे कौशल्य कोणी स्वेच्छेने सोडणे आणि पोट भरत नाही म्हणून सोडावे लागणे, यांत फरक आहे. हा फरक राखण्याची जबाबदारी केवळ कुंभाराची नसून त्याच्या हातचा पेला ओठांना लावणाऱ्या प्रत्येकाची आहे.

पाठावर आधारित प्रश्न

१. बैशाखातील विश्रांतीची रूढी आणि त्या काळातील हवामान यांचा संबंध स्पष्ट करा.
२. एकाच मातीची भांडी तांबडी किंवा काळी का होतात?
३. दुर्गेची मूर्ती भाजत नाहीत, दह्याचे मडके मात्र भाजतात. यामागील कारणे लिहा.
४. ‘मातीचा पेला पर्यावरणास पूरक आहे.’ या विधानाच्या दोन्ही बाजू मांडून स्वतःचे मत लिहा.

उपक्रम : आपल्या परिसरातील कुंभाराला भेटा. तो माती कोठून आणतो, आवा कोणत्या महिन्यांत लावतो आणि एका आव्यात किती भांडी फुटतात, याची माहिती घेऊन दहा ओळी लिहा.